सोन्याचे कण आणि थॅलेसेमियाचं निदान : पार्श्वभूमी

विटा-खानापूर भागातल्या गलाईवाल्यांना (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांना) हे सांगायला नको : सोनं नुसत्या नायट्रिक ॲसिडला दाद देत नाही, आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात) मात्र विरघळतं. ते पिवळसर द्रावण पाण्यात पातळ करून उकळलं आणि त्यात सोडियम सायट्रेट घातलं, की रंग आधी उडतो, मग काळपट होतो आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखा लाल. हा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा, हे १८५७ साली लंडनमध्ये मांडलं गेलं. सायट्रेटची कृती १९५१ची. कण सुटे असले की लाल, एकमेकांना चिकटले की निळं-जांभळं.

१९९६ साली डीएनएचे तुकडे गंधकाच्या आधारे या कणांना जोडता आले आणि आनुवंशिक आजारांच्या निदानाची वाट उघडली. बीटा थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा, हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा रक्ताचा आजार. त्याच्या भारतातल्या बहुतेक रुग्णांत जनुकातले मोजके पाच-सहा बदलच सापडतात. तेवढ्या बदलांशी जुळणारे डीएनएचे तुकडे बनवायचे, नमुन्यात मीठ घालायचं (मिठाने कण एकमेकांना चिकटू लागतात) आणि रंग बघायचा. एका पद्धतीत डीएनए जुळला तर लाल टिकतो, दुसरीत जुळल्यावर निळं पडतं. म्हणून रंगाआधी पद्धत विचारावी.

खरा वाद आहे तो ही चाचणी कुठल्या पायरीवर ठेवायची याचा. आज आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) किंवा मिठाच्या पाण्यातली साधी नळीची चाचणी होते, मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. त्यात हिमोग्लोबिन ए-टू हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की मायनरचा, म्हणजे आजाराच्या वाहकाचा, संशय. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली येतो आणि मायनर निसटू शकतो. मग ‘रक्त कमी आहे’ म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या चालू राहतात. यावर उपाय म्हणून सोन्याची चाचणीच पहिली करा, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या बदलाचा तुकडा बनवला तेवढाच ती पकडते, वेगळा बदल असला तर रिपोर्ट स्वच्छ येतो. मायनरमध्ये एक जनुक चांगलं, एक बिघडलेलं, त्यामुळे रंगही मधलाच येतो आणि नुसत्या डोळ्यांना ठरवता येत नाही. शिवाय बहुतेक पद्धतींत आधी पीसीआर (डीएनएच्या अनेक प्रती काढणं) करावाच लागतो.

तिची जागा तिसऱ्या पायरीवर आहे. नवरा-बायको दोघेही मायनर निघाले, की प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर (दोन्ही जनुकं बिघडलेलं, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण) असण्याची शक्यता २५ टक्के. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करायची, तर दोघांच्या जनुकातला नेमका बदल त्याआधी हातात हवा. जत किंवा पाटणहून गेलेला नमुना पुण्या-मुंबईच्या रिपोर्टची वाट बघत राहिला, तर हेच आठवडे निघून जातात. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या मुलीशी लग्नं होतात. अशा जोडप्यात बदल बहुधा दोघांकडे एकच असतो. घरात आधीच्या रुग्णामुळे तो माहीत असेल, तर एकच तुकडा पुरतो.

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा विषय सिकलसेल आहे आणि भर आदिवासी पट्ट्यांवर. थॅलेसेमियाची तपासणी लग्नाआधी, कॉलेजातच व्हायला हवी. गर्भवतीपासून सुरुवात करणं म्हणजे उशीर ठरवूनच करणं.