सेबी आधी, घोटाळा नंतर

शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यामुळे सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, जन्म झाला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र वेगळं सांगतात. सेबी स्थापन झाली १२ एप्रिल १९८८ रोजी. तेव्हा तिच्या हाती कायद्याचं बळ नव्हतं. ते मिळालं ३० जानेवारी १९९२च्या वटहुकमानं. घोटाळ्याची बातमी फुटली २३ एप्रिल १९९२ला. शिवाय त्या घोटाळ्याचा उगम होता बँकांमधल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारांत, रोख्यांऐवजी नुसत्या ‘बँक रिसीट’वर (रोखे देणं आहे, असं सांगणाऱ्या बँकेच्या पावतीवर) हललेल्या पैशात. ते अंगण रिझर्व्ह बँकेचं. शेअर बाजारात दिसली ती त्या पैशाची सूज.

सेबीच्याही आधीपासून, १९४७च्या कायद्यानुसार कंपनीनं किती भांडवल उभारायचं आणि शेअरवर किती प्रीमियम (दर्शनी किमतीवरची जादा रक्कम) घ्यायचा, हे दिल्लीतले ‘कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज’ ठरवत. भाव बहुधा कमीच बांधला जाई, त्यामुळे शेअर ज्याला लागला त्याची चांदी. मे १९९२ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली. भाव कंपनीनं ठरवावा, पण सगळी माहिती उघड करावी, असं नवं सूत्र आलं. भावाची जबाबदारी सरकारनं सोडली आणि ती गुंतवणूकदाराच्या गळ्यात पडली, हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

पण छोट्या माणसाला खरं संरक्षण कायद्याच्या कलमांपेक्षा यंत्रणेनं दिलं, असं माझं मत. दलाल स्ट्रीटवरच्या मुंबई शेअर बाजारात ‘रिंग’मध्ये, म्हणजे सौद्यांच्या दालनात, सौदे ओरडून होत. दलाल संध्याकाळी सांगेल तो भाव; दिवसभरातला नेमका कुठला, हे ताडून पाहायची सोय नव्हती. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचा संगणकी पडदा आला आणि प्रत्येक सौद्यावर वेळ उमटू लागली. कागदी सर्टिफिकेटचं दुखणं त्याहून मोठं. शेअर घ्यायचा, ट्रान्स्फर डीड भरायचं, स्टँप लावायचे, सगळं कंपनीकडे पाठवायचं. आणि काही आठवड्यांनी विकणाऱ्याची सही जुळत नाही म्हणून ते परत. ‘बॅड डिलिव्हरी’! मधल्या काळात भाव पडलेला असायचा. टपालात गहाळ झालेली आणि चक्क बनावट सर्टिफिकेटं वेगळीच. १९९६चा डिपॉझिटरी कायदा आणि डिमॅट खातं (कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीत शेअर ठेवणारं) आल्यावर हा जाच हळूहळू सरला. उधारीवर सौदे पुढे ढकलणारा ‘बदला’ दलाल केतन पारेखच्या घोटाळ्यानंतर २००१ मध्ये बंद झाला.

१ एप्रिल २०१९ पासून खरेदी-विक्रीसाठी कागदी शेअरचं हस्तांतरणही थांबलं. घरात जुनी सर्टिफिकेटं सापडली, तर विकण्याआधी ती डिमॅट करावी लागतात. आणि सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असू शकतात.