कोंबड्याचा तुरा आणि पड्रेची मुले

1950 साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात दोन संशोधकांनी लेगहॉर्न जातीच्या कोवळ्या नर कोंबड्यांना डीडीटी हे कीटकनाशक टोचले. कोंबडे वाढले, पण त्यांचे तुरे खुरटे राहिले आणि वृषणेही फारच लहान. डीडीटी शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागत असावे, अशी शंका त्यांनी तेव्हाच मांडली होती. पण कीटकनाशक पारखताना किती मात्रेने जीव जातो आणि पुढे कर्करोग होतो का, एवढेच पाहिले जात राहिले. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या अशा रसायनांना ‘एंडोक्राइन डिसरप्टर’ हे नाव मिळायला 1991 उजाडावे लागले.

तोवर केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी काजूबागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक पडत होते. वीस वर्षांहून जास्त काळ, वर्षातून दोन-तीनदा. बागा डोंगरमाथ्यावर, वस्ती पायथ्याशी. इथले लोक जांभ्या दगडात आडवे बोगदे खोदून पाणी काढतात, त्यांना ‘सुरंग’ म्हणतात. फवारणीच्या दिवशी विहिरीवर झाकण टाकता येईल. डोंगरातून झिरपत येणाऱ्या पाण्यावर आणि ओढ्यावर काय टाकणार?

याच जिल्ह्यातल्या पड्रे गावात डॉ. मोहन कुमार यांना रुग्णांमध्ये विचित्र आजार दिसू लागले. त्यांनी ते नोंदवले, त्यावर लिहिले. गावचा डॉक्टर बोलला नसता तर ही गोष्ट पुढे सरकलीच नसती, असे मला वाटते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने मग पड्रेतले 10 ते 19 वयाचे 117 मुलगे तपासले, आणि तुलनेसाठी फवारणी नसलेल्या भागातले 90. अहवाल 2003 मध्ये छापून आला. पड्रेच्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान सरासरी 7.47 पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग), इतरांच्या 1.37. फवारणीच्या भागातल्या मुलांचे वयात येणे लांबलेले आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक कमी. उलट एलएच हे दुसरे संप्रेरक वाढलेले. मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी वृषणांना एलएच पाठवून टेस्टोस्टेरॉन मागते. इथे मागणी वाढली होती, पुरवठा होत नव्हता. नमुना लहान होता, हे संशोधकांनी स्वतःच मान्य केले आहे. पण निष्कर्षाची दिशा कोंबड्यांच्या तुऱ्याकडेच बोट दाखवत होती.

एप्रिल 2011 मध्ये घातक, टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत एंडोसल्फान आले. 13 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. पीडितांना पाच-पाच लाख रुपये तीन महिन्यांत द्या, हा आदेश जानेवारी 2017 चा. त्या 117 मुलांतला सर्वांत धाकटाही तोवर पंचविशीला आला होता.