पुढचे गाणे नेमके केव्हा? : रेडिओच्या स्वयंचलनाची पार्श्वभूमी

रेडिओ केंद्रातील स्वयंचलन प्रणालीच्या पडद्यावर गाणी, जाहिराती आणि जिंगल्स यांची यादी एकाखाली एक मांडलेली दिसते, आणि त्यामुळे संगणकाने मुख्यतः क्रम लावण्याचे काम सोपे केले असा समज होतो. क्रम लावणे मात्र कधीच फारसे अवघड नव्हते. कागदी क्यू शीटवरही, म्हणजे काय केव्हा वाजवायचे याच्या लेखी यादीवरही, ते नीट होत असे. अवघड होते ते चालू ध्वनिमुद्रण कोठे संपते हे यंत्राला कळवणे आणि त्याच क्षणी पुढचे सुरू करणे. या तंत्राचा सत्तरेक वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एकाच प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरे होत.

तबकड्यांच्या काळात हे उत्तर माणसाच्या कानात आणि बोटांत होते. एक तबकडी प्रसारणात वाजत असताना निवेदक किंवा तंत्रज्ञ दुसऱ्या टर्नटेबलवरील तबकडीवर सुई ठेवून पहिला सूर कोठे येतो ते फक्त स्वतःला ऐकू येईल अशा बेताने शोधत असे आणि मग तबकडी हाताने थोडी मागे फिरवून ठेवत असे. हे मागे फिरवणे आवश्यक होते, कारण टर्नटेबलला पूर्ण वेग घेण्यास काही क्षण लागतात आणि तेवढ्यात सूर सुरू झाला तर तो खालच्या पट्टीतून वर घसरत येतो. यालाच क्यू करणे म्हणत.

ध्वनिफीत आली तेव्हा हे काम यंत्राकडे सोपवण्याचा विचार पुढे आला. 1950च्या दशकात अमेरिकेत पॉल शेफर यांनी कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या एका केंद्रासाठी ज्यूकबॉक्स (तबकड्या आपोआप बदलून वाजवणारे यंत्र) आणि टेपरेकॉर्डर जोडून स्वयंचलित यंत्रणा उभी केली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत मोठ्या रिळांवर प्रत्येक गाण्याच्या शेवटी 25 हर्ट्झचा एक सूर भरलेला असे. तो इतका खालचा की श्रोत्याच्या ध्यानात येत नसे, पण यंत्राला तो ओळखता येई आणि त्यावरून पुढचे यंत्र सुरू होई. वेळ सांगण्याची युक्ती तर दाद देण्याजोगी होती: सम मिनिटांच्या घोषणा एका फितीवर, विषम मिनिटांच्या दुसऱ्या फितीवर, म्हणजे एक वाजत असताना दुसरीला पुढच्या घोषणेपर्यंत सरकण्यास सवड मिळे.

रिळाची मर्यादा उघड होती. त्यावरील क्रम बदलता येत नसे, आणि तीस सेकंदांच्या जाहिरातीसाठी ते सोयीचे नव्हते. ही अडचण कार्ट्रिजने, म्हणजे रेडिओच्या रोजच्या बोलीतील ‘कार्ट’ने, दूर केली. कॉलिन्स कंपनीने 1959 मध्ये अमेरिकी प्रसारकांच्या अधिवेशनात कार्टयंत्र सादर केले. कार्टमधील फीत टोके जोडलेली, अखंड फेऱ्याची असते. ती उलटी गुंडाळता येत नाही, म्हणून वाजून झाल्यावर ती तशीच पुढे धावते आणि सुरुवातीला भरलेल्या 1000 हर्ट्झच्या सुरापाशी येऊन थांबते. त्यामुळे जाहिरात वाजली की कार्ट आपोआप पुन्हा क्यू झालेले असे. एक जाहिरात संपत आल्याची खूण करण्यासाठी 150 हर्ट्झचा दुसरा सूर होता, आणि तो पुढचे कार्ट सुरू करी. माझ्या मते आजच्या सॉफ्टवेअरची मूळ कल्पना संगणकात नव्हे, तर या दोन सुरांत आहे.

मागणीला मात्र नियमाने गती दिली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 1960च्या दशकाच्या मध्यास एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांतील एफएम केंद्रांना त्याच मालकाच्या एएम केंद्राचाच कार्यक्रम दिवसभर जसाच्या तसा प्रसारित करण्यास मनाई केली. निम्मे प्रसारण स्वतंत्र असणे सक्तीचे झाले. एफएमचे श्रोते तेव्हा थोडे होते आणि दुसरा कर्मचारीवर्ग परवडणारा नव्हता, तेव्हा अनेक मालकांनी स्वयंचलित यंत्रे घेतली.

आकाशवाणीची वाट वेगळी होती. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली आणि मध्यवर्ती ठिकाणी तयार झालेले कार्यक्रम फितींवरून केंद्रांकडे जाऊ लागले. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे व्यापारी प्रसारण सुरू झाल्यावर जाहिरातींच्या वेळा सांभाळण्याचे काम वाढले, तरी क्यू शीट हातात घेऊन बसणारा माणूस कायम राहिला.

संगणक प्रथम आला तो क्रम लावण्यासाठी. अँड्र्यू इकॉनॉमस यांनी 1979 मध्ये स्थापन केलेल्या आरसीएस कंपनीचा ‘सिलेक्टर’ हा संगणकीय प्रोग्राम कोणते गाणे कोणत्या गाण्यानंतर आणि किती तासांनी यावे ते ठरवत असे. वाजवण्याचे काम त्याचे नव्हते. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. सीडीच्या दर्जाचा एक मिनिट आवाज सुमारे 10 मेगाबाइट जागा घेतो, तेव्हा चार मिनिटांचे एक गाणे त्या काळच्या वैयक्तिक संगणकाची सबंध हार्ड डिस्क भरून टाकी. 1990च्या दशकात डिस्क स्वस्त झाल्या आणि एमपेग लेयर 2 या आवाज आटोपशीर साठवण्याच्या पद्धतीने तोच एक मिनिटाचा आवाज सुमारे दोन मेगाबाइटमध्ये बसू लागला, आणि मग क्रम व वादन एकाच पडद्यावर आले.

या टप्प्यावर फितीवरचे सूर जाऊन त्यांच्या जागी विदागारातील (डेटाबेसमधील) आकडे आले. 2002च्या सुमारास लिनक्ससाठी सुरू झालेल्या ‘रिव्हेंडेल’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे स्पष्ट दिसते: ध्वनीचा प्रत्येक घटक क्रमांक असलेले ‘कार्ट’ असतो, त्यात एक किंवा अधिक ‘कट’ असतात, आणि प्रत्येक कटवर सुरुवात, शेवट, सेग्यू (पुढचा घटक जेथून चढू लागतो ती जागा) व निवेदकाच्या बोलण्याची जागा यांच्या खुणा मिलिसेकंदांत नोंदवता येतात. यादीतील प्रत्येक ओळीला संक्रमणाचा प्रकार द्यावा लागतो. ‘प्ले’ असल्यास आधीचे पूर्ण संपल्यावर, ‘सेग्यू’ असल्यास आधीच्या सेग्यू खुणेपासून त्याच्यावर चढून, आणि ‘स्टॉप’ असल्यास माणसाने बटण दाबेपर्यंत थांबून. बातम्यांसारख्या घटकाला घड्याळाची वेळ जोडली, तर चालू गाणे तोडायचे की ते संपू द्यायचे हेही आधीच सांगावे लागते. नव्या वापरकर्त्याचे बहुतेक घोटाळे येथेच होतात: यादी बरोबर असते, पण खुणा लावलेल्या नसतात, आणि दोन गाण्यांमध्ये रिकामी शांतता पसरते.

माणूस खोलीबाहेर गेल्याचे परिणामही लवकरच दिसले. 1996च्या कायद्याने अमेरिकेत केंद्रांच्या मालकीवरील मर्यादा सैल झाल्यावर एकाच ठिकाणी निवेदन ध्वनिमुद्रित करून अनेक शहरांत वाजवणे वाढले. 18 जानेवारी 2002 रोजी नॉर्थ डकोटातील मायनॉट येथे मालगाडी घसरून अमोनिया पसरला, तेव्हा तेथील सहाही व्यापारी केंद्रे एकाच कंपनीची होती आणि पोलिसांना केंद्रात कोणाशी संपर्क साधता आला नाही, अशी तक्रार झाली. पोलिसांनी आपत्कालीन यंत्रणा नीट वापरली नाही, असे उत्तर कंपनीने दिले. दोष कोणाचा यावर वाद राहिला.

भारतात 2006च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळाल्यावर तुटपुंज्या खर्चात चालणाऱ्या प्रणालींची गरज निर्माण झाली. ग्रामवाणी या संस्थेने अशा केंद्रांसाठी तयार केलेल्या ‘ग्रिन्स’मध्ये कार्यक्रमांची यादी, वादन आणि संग्रह यांच्या जोडीला श्रोत्यांचे दूरध्वनी व एसएमएस हाताळण्याची सोयही होती.