मृदा आरोग्य
मृदा आरोग्य : सजीव परिसंस्था या नात्याने आपली कार्ये दीर्घकाळ पार पाडत राहण्याची मातीची क्षमता. वनस्पतींना पाणी व अन्नद्रव्ये पुरवणे, पावसाचे पाणी मुरवून साठवणे व गाळणे, सेंद्रिय अवशेष कुजवणे, कर्ब (कार्बन) धरून ठेवणे आणि असंख्य जीवांना आसरा देणे, ही यांतील प्रमुख कार्ये होत. सुपीकतेचा संबंध मुख्यतः पिकाच्या पोषणाशी येतो; मृदा आरोग्याची व्याप्ती त्याहून मोठी आहे. खतांच्या जोरावर भरघोस पीक देणारी, पण दोन सरी पडताच वर पापुद्रा धरून पाणी वाहू देणारी जमीन सुपीक असू शकते. ती निरोगी मात्र म्हणता येत नाही.

उगम : या संज्ञेचे जनकत्व सामान्यतः इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांना दिले जाते. इंदूर येथे त्यांनी सेंद्रिय खताची पद्धत विकसित केली आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. माती, पीक, जनावर व माणूस यांचे आरोग्य एकाच साखळीत गुंफलेले आहे, हा विचार त्यांनी १९४० च्या दशकात ठामपणे मांडला. इंग्लंडमध्ये ईव्ह बॅल्फोर यांचे १९४३ मधील लेखनही याच धारेतले. तथापि हेन्री वॉलेस (पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष) यांच्या १९१० मधील प्रबंधात हा शब्दप्रयोग आढळतो, असे अलीकडे दाखवून देण्यात आले आहे. त्यामुळे संज्ञा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस तरी वापरात होती, असे मानणे सयुक्तिक ठरते. हॉवर्ड यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. शब्दामागे विचारव्यूह उभा केला तो त्यांनीच.

शास्त्रीय वर्तुळात या कल्पनेला स्थान मिळाले ते मात्र ‘मृदा गुणवत्ता’ या नावाने. डोरान व पार्किन यांनी १९९४ मध्ये आणि अमेरिकी मृदाशास्त्र संस्थेच्या समितीच्या वतीने कार्लेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेल्या व्याख्या आजही उद्धृत होतात. दोन्ही संज्ञा समानार्थी मानणारा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते गुणवत्ता विशिष्ट उपयोगाच्या संदर्भात ठरते आणि आरोग्य हा जिवंत मातीचा सर्वांगीण गुण आहे. व्यवहारात अधिक उपयोगी ठरणारा भेद वेगळाच आहे. पोत (वाळू, गाळ व चिकणमाती यांचे प्रमाण), खोली, मूळ खडक ही मातीची उपजत लक्षणे शेतकऱ्याच्या हातात नसतात. घडण (कण एकत्र बांधले जाण्याची रचना), सेंद्रिय कर्ब, जीवसृष्टी ही लक्षणे मशागतीने बदलतात. आरोग्याची चर्चा या दुसऱ्या गटापुरती ठेवल्यास बराच गोंधळ टळतो. हलक्या मुरमाड जमिनीची भारी काळ्या जमिनीशी तुलना करून तिला आजारी ठरवण्यात अर्थ नाही.

निर्देशक : रासायनिक निर्देशकांत सामू (आम्ल-विम्लतेचे माप), विद्युत वाहकता (क्षारांचे प्रमाण दाखवणारी) व उपलब्ध अन्नद्रव्ये, भौतिक निर्देशकांत घनता, पाणी मुरण्याचा वेग व कणसमूहांची स्थिरता, जैविक निर्देशकांत मृदा श्वसन (मातीतील जीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड), विकरांची (एन्झाइमांची) क्रियाशीलता व गांडुळांची संख्या यांचा वापर होतो. कणसमूहांची स्थिरता शेतावरही पाहता येते. वाळलेले छोटे ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्यात सोडतात. पाणी आत शिरताच कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. घडण कच्ची असल्यास ढेकूळ काही मिनिटांत विस्कटून पाणी गढूळ होते. बुरशीचे तंतू, बारीक मुळे व जिवाणूंचे चिकट स्राव यांनी बांधलेले ढेकूळ मात्र टिकून राहते. लोहाची ऑक्साइडे भरपूर असलेल्या तांबड्या मातीत कर्ब कमी असूनही ढेकूळ टिकते. म्हणून ही तुलना एकाच प्रकारच्या मातीत, शक्यतो बांधालगतच्या न नांगरलेल्या पट्टीशी करावी.

सेंद्रिय कर्ब हा सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशक असून सर्वाधिक घोळही त्याच्याच मापनात होतो. वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ मधील पद्धतीत कर्बाचे ऑक्सिडीकरण करून तो मोजतात, पण हे ऑक्सिडीकरण अपुरे होते. सरासरी ७७ टक्के होते असे धरून सुमारे १.३ ने गुणतात, परंतु प्रत्यक्ष प्रमाण मातीगणिक बदलते. कर्बावरून सेंद्रिय द्रव्य काढताना १.७२४ हा गुणक रूढ आहे. त्यामागे द्रव्यात ५८ टक्के कर्ब असल्याचे जुने गृहीतक आहे. अनेक मातींना २ हा गुणक अधिक जवळचा ठरतो. म्हणजे ०.६ टक्के कर्बाच्या एकाच नमुन्यात सेंद्रिय द्रव्य १.०३ टक्के निघेल किंवा १.२ टक्के. घनतेचाही प्रश्न आहे. वरच्या १५ सेंमी. थरात १ टक्का कर्ब असल्यास १.२ ग्रॅम प्रति घसेंमी. घनतेच्या मातीत हेक्टरी १८ टन भरतो, तर दाबल्या गेलेल्या १.५ घनतेच्या मातीत २२.५ टन. जमीन घट्ट होणे हा बिघाड, पण हिशेबात कर्ब वाढलेला दिसतो.

जैविक चाचण्या अद्याप मानकांपर्यंत पोचलेल्या नाहीत. डीएनए-आधारित तंत्रांनी जीवांची यादी मिळते. कोणती यादी निरोगी मातीची, हे त्यावरून सांगता येत नाही. ओलावा, तापमान व हंगाम यांनुसारही आकडे बदलतात.

आक्षेप : सोजका व अपचर्च यांनी १९९९ मध्ये या संकल्पनेवर सविस्तर टीका केली. अनेक निर्देशक मिळून काढलेले एकत्रित गुणांक ठरावीक प्रदेशांतील मातींना व पिकांना झुकते माप देतात आणि जास्त सेंद्रिय द्रव्य म्हणजे उत्तमच असे गृहीत धरतात, असा तिचा रोख होता. सेंद्रिय द्रव्य जास्त असलेल्या जमिनीत काही तणनाशकांची मात्रा वाढवावी लागते, हे खरेच आहे. एकाच आकड्यात आरोग्य बसवण्यावरील हा आक्षेप ग्राह्य वाटतो; पण म्हणून संकल्पनाच टाकून देणे योग्य नव्हे. कर्ब वाढला की पाणी धरण्याची क्षमता प्रचंड वाढते, हा लोकप्रिय समजही तपासून घ्यावा लागतो. जगभरच्या नोंदी एकत्र करून मिनास्नी व मॅकब्रॅटनी यांनी २०१८ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, कर्ब मातीच्या वजनाच्या एका टक्क्याइतका वाढल्यास उपलब्ध जलधारण क्षमता सरासरी १.१६ टक्के (घनफळाने), म्हणजे १०० मिमी. थरात जेमतेम १.१६ मिमी. पाण्याने वाढते.

उपयोग : २०१५ हे आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष म्हणून पाळण्यात आले. त्याच वर्षी भारतात शेतकऱ्याला त्याच्या मातीच्या तपासणीचा निकाल देणारी मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेतील १२ घटकांपैकी सामू, वाहकता व सेंद्रिय कर्ब वगळता उरलेली ९ अन्नद्रव्ये आहेत, म्हणजे ती मुख्यतः सुपीकतेची नोंद आहे. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये मृदा संनियंत्रणाचा कायदा प्रस्तावित केला. कमी नांगरट, आच्छादन, फेरपालट व जमिनीत सतत जिवंत मुळे ठेवणे ही तत्त्वे सर्वत्र जवळजवळ सारखीच सांगितली जातात.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रातील गव्हावरील ब्रॉडबाल्क प्रयोग १८४३ पासून चालू आहे. दरवर्षी शेणखत मिळालेल्या वाफ्यांत कर्ब केवळ रासायनिक खतांच्या वाफ्यांपेक्षा दुपटीहून अधिक झाला, तरी गव्हाचे उत्पादन दीर्घकाळ जवळपास सारखेच राहिले. फरक अन्यत्र दिसतो : कर्ब जास्त असलेल्या वाफ्यांत नांगराला लागणारी ओढ कमी भरते. केवळ उताऱ्याच्या नोंदींवरून हा लाभ लक्षात आला नसता.