बालस्थूलता आणि धमनीविकार

बालवयात शरीरात प्रमाणाबाहेर मेद साठल्यामुळे हृदय व रक्तवाहिन्या यांच्यात होणारे बदल. हृदयविकार पन्नाशीत उद्भवतो असा सर्वसाधारण समज असला, तरी धमन्यांच्या भिंतीतील त्याची सुरुवात शाळकरी वयातच झालेली असू शकते.

याचा भक्कम पुरावा अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या बोगालुसा या छोट्या शहरातून मिळाला. जेराल्ड बेरेन्सन यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या आरंभापासून तेथील मुलांचे वजन, उंची, रक्तदाब व रक्तातील मेद यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. यांपैकी जी मुले व तरुण मुख्यत्वे अपघातादी कारणांनी दगावले, त्यांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २ ते ३९ वर्षे वयाच्या २०४ व्यक्तींचा समावेश होता. २ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५० टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आतल्या अस्तराखाली मेदाचे पिवळसर पट्टे दिसले आणि ८ टक्क्यांत त्यापुढच्या टप्प्याचे तंतुमय थरही आढळले. असे पट्टे सडपातळ मुलांतही असतात. परंतु वजन, रक्तदाब व रक्तमेद हे सारे एकत्र वाढलेल्यांत त्यांची व्याप्ती कितीतरी अधिक होती, ही यातील खरी गंभीर बाब होय.

पोटातील मेद निष्क्रिय साठा नसतो. त्यातून सुटणारी मेदाम्ले व दाह वाढवणारी द्रव्ये यांमुळे इन्शुलिनला शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही, ट्रायग्लिसराइडे (रक्तातील एक प्रकारचे मेद) वाढतात, धमन्यांची प्रसरणक्षमता घटते आणि वाढीव दाबाविरुद्ध काम करून हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत जाड होते. मुलाला यातले काहीच जाणवत नाही. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा मात्र दिसतो. घरची माणसे तो मळ समजून घासत राहतात, पण ती बहुधा इन्शुलिन-रोधाची खूण असते. रक्तदाब मोजताना दंडाला पुरेल एवढा मोठा पट्टा वापरणे आवश्यक असते, कारण अपुऱ्या पट्ट्याने आकडा खोटा जास्त येतो.

भारतीय मुलांबाबत केवळ वजनकाट्यावर विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचा अभ्यास करून दाखवले, की ती वजनाने कमी व स्नायूंनी कृश असूनही त्यांच्यात मेदाचे प्रमाण तुलनेने जास्त असते. प्रौढ भारतीयांतही मेदाचे दुष्परिणाम कमी वजनापासूनच सुरू होतात. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या वाढ-आलेखांत प्रौढपणीच्या २३ व २७ या देहवस्तुमान निर्देशांकांशी (बीएमआय; किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) जुळणाऱ्या रेषा अनुक्रमे अतिवजन व स्थूलता यांसाठी घेतल्या.

हे नुकसान अटळ नाही. बोगालुसासह चार दीर्घकालीन अभ्यासांतील ६,३२८ व्यक्तींच्या माहितीचे २०११ मध्ये एकत्र विश्लेषण झाले. बालपणी स्थूल असूनही प्रौढपणी स्थूल न राहिलेल्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब व मानेतील धमन्यांचे काठिण्य यांचा धोका कधीच स्थूल नसलेल्यांइतकाच असल्याचे त्यात आढळले.