बर्कलीचे विद्यार्थी आरोग्य केंद्र : सामायिक शुल्कापासून विम्यापर्यंत

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला वर्ग सुरू होण्याच्या आधीच आरोग्यविषयक बऱ्याच बाबींची पूर्तता करावी लागते. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांच्या लसींच्या नोंदी द्याव्या लागतात, क्षयरोगाबाबतची प्रश्नावली भरावी लागते आणि विद्यापीठाचा आरोग्य विमा घ्यावा लागतो किंवा तेवढाच व्यापक दुसरा विमा असल्याचे दाखवावे लागते. महाराष्ट्रातून तिथे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना हा निव्वळ कागदोपत्री सोपस्कार वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यातील बहुतेक अटी आणि सोयी एखाद्या साथीतून, खटल्यातून किंवा विद्यार्थ्यांच्या लढ्यातून आल्या आहेत, आणि यांपैकी दोन मोठे प्रसंग तर याच संकुलातील रुग्णालयात घडले आहेत.

अमेरिकेतील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची जबाबदारी घेण्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम स्टर्न्स यांना अभ्यासाच्या ताणाने खंगणाऱ्या विद्यार्थ्यांची काळजी वाटत होती, आणि त्यातूनच तिथे आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षण यांचा स्वतंत्र विभाग निघाला. 1861 मध्ये त्या विभागाची सूत्रे हाती घेतलेले डॉ. एडवर्ड हिचकॉक पुढे अर्धशतक, म्हणजे 1911 मध्ये मृत्यू येईपर्यंत, तिथेच राहिले. विद्यार्थ्यांची उंची, वजन, छातीचा घेर यांची मोजमापे त्यांनी वर्षानुवर्षे नोंदवली. मात्र त्यांचा भर व्यायाम आणि सवयी यांवर होता. आजारी पडलेल्या विद्यार्थ्याला कुठे ठेवायचे, त्याची शुश्रूषा कोणी करायची आणि खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न त्यातून सुटत नव्हते. प्रिन्स्टनमध्ये तर अध्यक्ष जेम्स मॅकॉश यांच्या पत्नी इझाबेला मॅकॉश स्वतः आजारी मुलांच्या खोल्यांवर जाऊन त्यांची देखभाल करीत, आणि तिथल्या शुश्रूषागृहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

घरगुती मायेवर चाललेली ही व्यवस्था साथीपुढे टिकणारी नव्हती. 1903 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावात दूषित पाण्यामुळे विषमज्वराची साथ पसरली. तिथे कॉर्नेल विद्यापीठ आहे. या साथीत 82 माणसे दगावली आणि त्यांत 29 विद्यार्थी होते. विद्यापीठाचे विश्वस्त असलेले उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी आजारी विद्यार्थ्यांच्या उपचाराचा खर्च उचलला आणि पाणी गाळण्याच्या यंत्रणेसाठीही पैसे दिले. विद्यार्थी ज्या गावात राहतात तिथल्या पाण्याशी, दुधाशी आणि खाणावळींशी विद्यापीठाचा संबंध आहे, ही जाणीव अशा घटनांनी पक्की केली. पण दर साथीला एखादा दाता धावून येईल, या भरवशावर कोणतीही संस्था चालू शकत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बर्कलीत मिळाले, असे मला वाटते. 18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा तडाखा बसला आणि पाठोपाठ लागलेल्या आगींत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. घरे गमावलेले हजारो लोक खाडी ओलांडून पूर्वेकडील गावांत आले आणि विद्यापीठाच्या आवारातही निर्वासितांची सोय करावी लागली. त्याच वर्षी विद्यापीठाचे वैद्यक डॉ. जॉर्ज राइनहार्ट यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठी शुश्रूषागृह सुरू झाले. त्याचा खर्च भागवण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रत्येक सत्रात ठरावीक अल्प शुल्क घ्यायचे, आणि त्या बदल्यात आजारी पडेल त्याला तपासणी, औषधोपचार व गरज पडल्यास खाट मिळेल, अशी व्यवस्था ठरली. अमेरिकेतील विद्यार्थी आरोग्यसेवेच्या इतिहासात आगाऊ शुल्कावर चालणारी पहिली सर्वांगीण सेवा म्हणून बर्कलीचाच उल्लेख केला जातो.

या शुल्काचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी अमेरिकेत आरोग्य विमा जवळजवळ नव्हताच. आजारपण म्हणजे घरातल्या माणसांवर पडणारा खर्च, आणि घरापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो खर्च बहुधा शिक्षण सोडण्याशी येऊन थांबत असे. सर्वांनी थोडे थोडे देऊन आजारी पडणाऱ्यांचा भार वाटून घेण्याची ही पद्धत भिशी आणि मदतनिधी चालवणाऱ्या आपल्या लोकांना चटकन समजेल. तिचा आणखी एक परिणाम झाला. शुल्क आधीच भरलेले असल्यामुळे विद्यार्थी किरकोळ तक्रारीसाठीही निःसंकोचपणे येऊ लागला, आणि संसर्गजन्य आजार लवकर लक्षात येऊन रुग्णाला वेगळे ठेवता येऊ लागले. वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या तरुणांसाठी याइतकी उपयुक्त दुसरी गोष्ट नव्हती.

पहिल्या महायुद्धाने या कामाला देशव्यापी गती दिली. सैन्यभरतीसाठी तपासलेल्या तरुणांपैकी सुमारे एक-तृतीयांश कोणत्या ना कोणत्या शारीरिक दोषामुळे अपात्र ठरले आणि तरुणांच्या प्रकृतीकडे सरकारचे लक्ष गेले. 1918 च्या शरद ऋतूत पाचशेहून अधिक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना सैनिकी प्रशिक्षणासाठी बराकींत ठेवले होते, आणि नेमक्या त्याच वेळी इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ तिथे शिरली. या अनुभवानंतर 1920 मध्ये विद्यार्थी आरोग्यसेवेत काम करणाऱ्या वैद्यकांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. आज ती अमेरिकन कॉलेज हेल्थ असोसिएशन या नावाने ओळखली जाते. मानसिक आरोग्यसेवेची सुरुवात त्याही आधी, 1910 मध्ये, प्रिन्स्टनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ स्ट्युअर्ट पॅटन यांच्या कामातून झाली होती. हुशार विद्यार्थी बौद्धिक कुवत कमी पडल्यामुळे नव्हे तर मनाच्या अस्वास्थ्यामुळे शिक्षण सोडत आहेत, हे त्या वेळी काही वैद्यकांच्या लक्षात येऊ लागले होते.

बर्कलीत 1930 मध्ये अर्नेस्ट कॉवेल या माजी विद्यार्थ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून कॉवेल स्मृती रुग्णालय उभे राहिले. ते खाटा, परिचारिका आणि प्रयोगशाळा असलेले खरेखुरे रुग्णालय होते. प्रतिजैविके येण्यापूर्वी क्षयरोगाचा संशय आलेला किंवा न्यूमोनिया झालेला विद्यार्थी दिवसेंदिवस, क्वचित आठवडेच्या आठवडे खाटेवर असे, म्हणून एवढ्या मोठ्या इमारतीची गरज होती.

याच सुमाराच्या अमेरिकी अनुभवाचा एक धागा भारतापर्यंत येतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगात (1948–49) आर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे दोन अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ सदस्य होते, आणि दोघांनीही आपल्या देशात उच्च शिक्षण संस्थांचे अध्यक्षपद भूषवले होते. प्रवेशाच्या वेळी व नंतर वर्षातून किमान एकदा मोफत वैद्यकीय तपासणी, विद्यापीठात डॉक्टर व परिचारिका, वसतिगृहे आणि स्वयंपाकघरांच्या स्वच्छतेची नियमित पाहणी, या त्या आयोगाच्या शिफारशी अमेरिकी विद्यापीठांत रुळलेल्या पद्धतीशी जुळतात. कोठारी आयोगानेही (1964–66) विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेचा आग्रह पुन्हा धरला. या शिफारशींना आपल्याकडे पुरेसे आर्थिक पाठबळ मिळाले नाही, याचे वाईट वाटते. कोलकात्यात मात्र 1952 मध्ये विद्यार्थी आणि तरुण डॉक्टरांनी स्टुडंट्स हेल्थ होम ही संस्था काढून नाममात्र वर्गणीवर विद्यार्थ्यांना उपचार देण्यास सुरुवात केली, आणि भारतीय परिस्थितीतही हे तत्त्व चालते हे दाखवून दिले.

बर्कलीच्या रुग्णालयाचा सर्वांत मोठा अध्याय आजारी नसलेल्या एका विद्यार्थ्याने घडवला. एड रॉबर्ट्स यांना किशोरवयात पोलिओ झाला होता. मानेखालच्या शरीरावर त्यांचा ताबा जवळजवळ राहिला नव्हता आणि रात्री श्वास घेण्यासाठी त्यांना आयर्न लंग नावाचे अवजड यंत्र लागे. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाने ते कधीच नोकरी करू शकणार नाहीत असे ठरवून आरंभी आर्थिक मदत नाकारली, आणि हे यंत्र सामावेल असे एकही वसतिगृह विद्यापीठाकडे नव्हते. तेव्हा आरोग्य केंद्राचे संचालक डॉ. हेन्री ब्रुइन यांनी कॉवेल रुग्णालयातीलच जागा त्यांना राहण्यासाठी देऊ केली. 1962 मध्ये रॉबर्ट्स तिथे राहू लागले आणि पुढच्याच वर्षी जॉन हेस्लर आले. दशक संपेपर्यंत तीव्र अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांचा एक गटच तिथे जमला.

डॉ. ब्रुइन यांचा निर्णय धाडसी आणि माणुसकीचा होता. तरीही रुग्णालय हे रुग्णालयच असते. तिथे कोणी कधी यायचे आणि कोण राहण्यास पात्र आहे, हे इतर लोक ठरवतात. 1969 च्या सुमारास पुनर्वसन विभागाकडून काही विद्यार्थ्यांना तिथून काढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा या मुलांनी एकजुटीने विरोध करून तो हाणून पाडला. त्यांनी आपल्या गटाला रोलिंग क्वाड्स असे नाव दिले. आपल्याला रुग्ण म्हणून न वागवता नागरिक म्हणून वागवावे, मदतनीस आपण निवडावा आणि राहण्याची जागा शहरात असावी, ही त्यांची मागणी होती. 1970 मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी त्यांनीच आखलेला कार्यक्रम सुरू झाला. व्हीलचेअरची दुरुस्ती, मदतनिसांची यादी, घर शोधण्यासाठी साहाय्य अशा अगदी व्यावहारिक गोष्टी त्यात होत्या. 1972 मध्ये बर्कली शहरात सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग स्थापन झाले आणि स्वतंत्र जीवनाची ही चळवळ तिथून देशभर गेली. ज्या विभागाने रॉबर्ट्स यांना नाकारले होते त्याच विभागाचे संचालक म्हणून 1975 मध्ये त्यांची नेमणूक झाली. विद्यार्थी आरोग्यसेवेच्या इतिहासात मला याहून अभिमानास्पद प्रकरण माहीत नाही.

त्याच कॉवेल रुग्णालयाशी जोडलेली दुसरी घटना मन विषण्ण करणारी आहे. 1969 मध्ये भारतातून आलेला एक पदव्युत्तर विद्यार्थी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचार घेत होता. आपण एका तरुणीला ठार मारणार आहोत, असे त्याने मानसशास्त्रज्ञाला सांगितले. मानसशास्त्रज्ञाने संकुलातील पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन चौकशी केली, पण तो भानावर असल्याचे पाहून सोडून दिले. त्या तरुणीला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीही सावध केले नाही. ऑक्टोबरमध्ये तातियाना तारासॉफ हिचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी विद्यापीठावर दावा केला आणि 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रुग्णापासून दुसऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असल्याचे उपचारकर्त्याला कळले, किंवा कळायला हवे होते, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे त्याला बंधनकारक आहे. तारासॉफ निर्णय या नावाने तो जगभर अभ्यासला जातो. समुपदेशक पहिल्याच भेटीत गोपनीयतेच्या मर्यादा सांगतो, त्याचे एक मोठे कारण हा निर्णय आहे. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचा हक्क देताना इतरांना इजा होऊ नये म्हणून अपवाद ठेवलेला आहे. दूरदेशी एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याच्या मनाची घालमेल वेळीच ओळखली जाणे किती निकडीचे आहे, हेही या प्रकरणातून कळते.

1960 च्या दशकात विद्यापीठाने पालकाच्या भूमिकेत राहावे ही कल्पनाच ढासळत होती. अविवाहित विद्यार्थिनीला गर्भनिरोधक गोळ्या द्याव्यात की नाही, यावर अनेक संकुलांत वाद झाले. 1967 मध्ये बॉस्टन विद्यापीठातील व्याख्यानानंतर एका तरुणीला गर्भनिरोधक दिल्याबद्दल विल्यम बेअर्ड यांना अटक झाली, आणि त्यातूनच 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांचा गर्भनिरोधकांचा हक्क मान्य केला. कॅलिफोर्नियात 2019 मध्ये झालेल्या कायद्यानुसार 2023 पासून सरकारी विद्यापीठांच्या आरोग्य केंद्रांत औषधांद्वारे गर्भपाताची सेवा देणे बंधनकारक आहे.

प्रतिजैविकांमुळे खाटांची गरज घटत गेली आणि ठिकठिकाणची शुश्रूषागृहे बंद होऊन त्यांची जागा दिवसा चालणाऱ्या दवाखान्यांनी घेतली. बर्कलीत 1993 मध्ये टँग सेंटर ही नवी इमारत सुरू झाली आणि कॉवेल रुग्णालय पाडण्यात आले. दरम्यान बाहेरची रुग्णालये आणि तज्ज्ञ डॉक्टर इतके महागले की सामायिक शुल्क एकटे पुरे पडेना, म्हणून विम्याची सक्ती आली. आजही विमा कोणताही असला तरी नोंदणी झालेला विद्यार्थी टँग सेंटरमध्ये जाऊ शकतो. केंद्राबाहेरच्या शस्त्रक्रियेचा किंवा रुग्णालयातील मुक्कामाचा मोठा खर्च विम्यातून भागतो. स्वतःचा विमा दाखवून विद्यापीठाच्या विम्यातून सूट मागताना ही विभागणी ध्यानात ठेवली पाहिजे, कारण केवळ प्रवासी विम्याच्या भरवशावर सूट मिळणे अवघड असते.

लसींच्या अटींचा इतिहासही असाच आहे. 1980 च्या दशकात अनेक संकुलांत गोवराचे उद्रेक झाले. 1985 मध्ये इलिनॉयमधील एका महाविद्यालयातील उद्रेकात तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर 1989 मध्ये गोवराच्या लसीच्या दोन मात्रांची शिफारस देशपातळीवर झाली. भारतातून जाणाऱ्यांच्या बाबतीत क्षयरोगाची चाचणी वेगळे लक्ष मागते. आपल्याकडे बाळांना जन्मतःच बीसीजी लस देतात आणि तिच्यामुळे त्वचेवरची चाचणी संसर्ग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. म्हणून बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्ताची चाचणी अधिक ग्राह्य धरली जाते. पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या उपचाराची माहिती, जिवाला धोका असल्यासारखा अपवाद सोडला तर, केंद्र त्याच्या संमतीशिवाय सहसा घरी कळवत नाही. तेव्हा कोणती माहिती घरच्यांना द्यायला हरकत नाही, याची लेखी संमती मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या इच्छेने आधीच नोंदवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.