व्हॅली, रूडी

(२८ जुलै १९०१–३ जुलै १९८६). अमेरिकन गायक, सॅक्सोफोनवादक आणि नाचासाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचा प्रमुख. मूळ नाव ह्यूबर्ट प्रायर व्हॅली. जन्म व्हरमाँट राज्यात, बालपण मेन राज्यातील वेस्टब्रुक येथे. सॅक्सोफोनवादक रूडी वीडोफ्टचा तो इतका चाहता होता, की त्याचे पहिले नावच त्याने उचलले. १९२४-२५ मध्ये लंडनच्या सव्हॉय हवाना बँडमध्ये वादन आणि १९२७ मध्ये येल विद्यापीठाची पदवी, इथवर तो प्रामुख्याने वादकच होता.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हाय-हो क्लब’मध्ये त्याचा ‘कनेक्टिकट यँकीज’ हा वृंद वाजू लागला: दोन व्हायोलिन, दोन सॅक्सोफोन, पियानो, बँजो आणि ड्रम. ट्रम्पेट-ट्राँबोन ही मोठ्या आवाजाची पितळी वाद्ये नाहीत, आणि खरी मेख इथेच आहे. व्हॅलीचा आवाज बारीक, किंचित नाकातला. पितळी वाद्यांपुढे तो टिकलाच नसता. तरी नाचाच्या गोंगाटात तो पोचत नसे, म्हणून व्हॅली तोंडाशी मेगाफोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा कर्णा धरी. शंकूमुळे आवाज विखुरत नाही, समोरच्या दिशेने जातो. पण खालचे स्वर नीट पुढे जात नाहीत, त्यामुळे तो आणखी पातळ व अनुनासिक वाटतो. बाजूला नाचणाऱ्या जोडप्यांना शब्द अर्धेच कळतात.

गाणे आणि सॅक्सोफोन दोन्ही एकाच तोंडाचे काम, त्यामुळे आळीपाळीने करावे लागते. कोरस, म्हणजे गाण्याचा मुख्य भाग, सहसा ३२ मात्रागटांचा. तो गाऊन होईपर्यंत सॅक्सोफोनच्या मुखातली वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, सुकते, आणि न ओलावता फुंकली तर पहिलाच स्वर चिरकतो. अल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिलेला ‘सी’ हा स्वर प्रत्यक्षात ‘ई फ्लॅट’ हा वेगळा स्वर म्हणून वाजतो. गळ्याला सोयीची पट्टी ठरवताना हा फरक धरूनच वाद्याची स्वरलिपी लिहावी लागते.

क्लबमधून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणाने त्याचे नशीब पालटले. मायक्रोफोनला मोठा गळा लागत नाही. मात्र अगदी जवळ गेल्यास ‘प’, ‘ब’ फुटतात आणि दूर राहिल्यास वाद्ये वरचढ होतात. ऑक्टोबर १९२९ पासून एनबीसी या रेडिओ कंपनीवर फ्लाइशमान यीस्ट कंपनीच्या प्रायोजनाखाली त्याचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. गाण्यांच्या जोडीला नकला, नाट्यप्रवेश आणि नवे कलावंत आणण्याचा तिथला साचा पुढे इतर कार्यक्रमांनीही उचलला. १९३० मध्ये मेन विद्यापीठाचे ‘स्टाइन साँग’ त्याने देशभर गाजवले.

गायक बिंग क्रॉस्बीचा भरदार आवाज आल्यावर व्हॅलीचे गाणे जुने वाटू लागले. तो विनोदी भूमिकांकडे वळला, आणि तिथे तो गाण्यापेक्षाही अधिक सहज होता. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील ‘हाउ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्रायिंग’ या संगीत नाटकात कंपनीचा अध्यक्ष त्याने रंगवला, १९६७ च्या चित्रपटातही ती भूमिका त्याचीच होती.